चौथा नंबर

“आवाज येतोय का?” बंद लिफ्टमध्ये उभं राहून, लाल बटण दाबून मिस्त्रींनी विचारलं.

“येतोय,” पलीकडून लिफ्ट कंपनीच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली. “कुठली इमारत?”

“दवाखान्यामागची, पाच मजली. चाचणी आहे. कोणी अडकलेलं नाही.”

“बरं,” म्हणून तिने फोन ठेवला. मिस्त्रींनी वहीत बरोबरची खूण केली, किल्ली फिरवली आणि लिफ्ट तळमजल्यावर आणली.

त्यांच्याकडे अठ्ठावीस लिफ्ट होत्या. प्रत्येक लिफ्टच्या बटणांमागे एक छोटी पेटी असते, त्या पेटीत एक सिमकार्ड असतं, आणि आत माणूस अडकला की लाल बटण त्या सिमवरून फोन लावतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्री अठ्ठावीस वेळा स्वतःला कोंडून घेत आणि अठ्ठावीस वेळा तोच प्रश्न विचारत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढ्या लोकांना ‘आवाज येतोय का’ विचारलं होतं, की त्यापुढे फोनवर काय बोलायचं असतं हे शिकायचंच राहून गेलं होतं.

दार उघडलं तर समोर इमारतीचे सचिव. हातात फायली, चेहऱ्यावर काटकसर.

“मिस्त्री, त्या पेटीतलं सिम बदला की. ती स्वस्तवाली कंपनी आहे ना, तिचं टाका. वर्षात एकदाही कोणी अडकत नाही, मग एवढ्या मोठ्या कंपनीचं सिम हवंय कशाला?”

“अडकत नाही, कारण मी येतो,” मिस्त्री म्हणाले. “आणि अडकलं तर? दोन मजल्यांच्या मधे, चारी बाजूंनी लोखंड. तिथे तुमचं स्वस्तवालं मुकं होतं. आतल्या माणसाला काय सांगणार, रेंज नाही?”

“अहो, पण तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये तेच आहे ना? मीच पाहिलंय.”

“माझ्या फोनमध्ये कोण अडकलंय?” मिस्त्री म्हणाले.

फायली सावरत सचिव निघून गेले, आणि मिस्त्री आपल्याच हजरजबाबीपणावर खूश होऊन पान्यांची पिशवी आवरू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

“वा, व्याहीबुवा! आज आमच्या दारी?”

मिस्त्रींच्या कपाळावर आठी उमटली आणि वळेपर्यंत त्यांनी ती पुसलीही. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे सासरे याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, गोरेगोमटे, पांढरेशुभ्र बूट घालून सकाळी फिरायला जाणारे. माणूस गोड. कोणाचं कधी वाईट चिंतायचा नाही. त्यामुळे त्यांच्यावर चिडणं फार अवघड होतं, आणि मिस्त्री ते अवघड काम चार वर्षं नेटाने करत होते.

दोघं वर निघाले. पाचव्या मजल्यावर दार उघडलं, व्याही बाहेर पडले आणि बोलता बोलता त्यांनी आपला पांढरा बूट दारात अडकवून ठेवला.

“दारात पाय नको,” मिस्त्री म्हणाले. “लिफ्ट अडवून ठेवायची नसते. कोणीतरी खाली वाट बघत असतं.” हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा म्हटलं होतं, लहान पोरांना, सामान चढवणाऱ्यांना, निरोप घेणाऱ्या पाहुण्यांना.

“हो हो, एकच मिनिट,” व्याही म्हणाले. बूट तिथेच. “काल सूनबाईशी बोलणं झालं. पाऊण तास! तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणे. सारखं आपलं टप टप. बिचारी वैतागलीय. मी म्हटलं, खाली वाटी ठेव आणि वाटीत फडकं घाल. आवाज बंद!”

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला.

नळ! नळ गळतोय आणि ते या माणसाला सांगितलं? ज्याला भिंतीत खिळा मारायला सुतार लागतो? जो वाटीत फडकं घालतो? मिस्त्रींना नुसत्या आवाजावरून कळायचं की दोर कोरडा पडलाय की पुली झिजलीय. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायच्या आधीच ते बिघाड सांगत. पोरीने फोन नुसता नळाजवळ धरला असता, तरी वॉशर गेलाय की आटा, हे त्यांनी इथे बसून सांगितलं असतं. पण तिने सांगितलं कोणाला, तर पांढऱ्या बुटाला.

“तुम्हाला बोलली असेलच,” व्याही म्हणाले.

“हो, म्हणाली मागे,” मिस्त्री साफ खोटं बोलले.

व्याह्यांनी काहीतरी दाखवायला फोन काढला, आणि मिस्त्रींना पडद्यावर वरचंच नाव दिसलं. ‘माझी लेक’. खाली कालची वेळ, परवाची, तेरवाची. मिस्त्रींच्या फोनमध्ये तीच मुलगी ‘मुलगी नवा नंबर’ अशी होती. नंबर नवा होऊन चार वर्षं झाली होती.

“ऐका माझं,” व्याही म्हणाले, “ते स्वस्तातलं सिम सोडा आता. आमचं मोठ्या कंपनीचं फॅमिली कनेक्शन आहे. एका बिलात चार नंबर बसतात. मी, मुलगा, सूनबाई. चौथा नंबर रिकामाच आहे. तुम्ही घ्या. खड्ड्यात उतरलात तरी रेंज जायची नाही.”

“माझ्या फोनला काय धाड भरलीय?” मिस्त्री म्हणाले. “दार सोडा. खाली कोणीतरी वाट बघतंय.”

खाली कोणीही नव्हतं. मिस्त्री एकटेच पाच मजले उतरले आणि उतरता उतरता मनातल्या मनात जळत राहिले. पोर वाढवली कोणी? ताप आला तेव्हा खांद्यावर घेऊन फेऱ्या कोणी मारल्या? सायकल शिकवताना मागून कोण धावलं? आणि आता हे गृहस्थ आयत्या बिळावर नागोबा होऊन पाऊण पाऊण तास ‘बाबा’ म्हणवून घेतायत. वर उदारपणे सांगतायत, आमच्यात एक जागा रिकामी आहे, या. म्हणजे उद्या लेकीशी बोलायचं तर तेही व्याह्याच्या बिलावर!

खरं सांगायचं तर मिस्त्रींना फोनवर बोलता यायचंच नाही. बायको होती तोवर अडलं नव्हतं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हापासून फोन बायकोच घ्यायची. ती खिडकीत बसून तासभर बोलायची आणि मिस्त्री शेजारी वर्तमानपत्र धरून बसायचे, पान न उलटता. त्यांना सगळं कळायचं. शेवटी बायको विचारायची, “अप्पांशी बोलतेस?” आणि मिस्त्री हात हलवून नको म्हणायचे, त्यांचं बोलणं ऐकण्यातच झालेलं असायचं. मग मुलीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर दूरच्या गावी राहायला गेली, त्याच वर्षी बायको गेली, आणि फोन थेट मिस्त्रींच्या हातात येऊन पडला. महिना दोन महिन्यांनी, एखाद्या रविवारी, अकराच्या सुमारास.

त्या रविवारीही आला.

“अप्पा, बरे आहात?”

“बरा आहे. तू?”

“मी पण बरी. जेवण वेळेवर करता ना?”

“करतो की.”

मग नेहमीची ती जागा आली, जिथे दोघंही थांबत. मिस्त्री कान देऊन बसले. आता सांगेल, नळाचं सांगेल. त्यांनी वॉशरची तीन मापंसुद्धा मनात तयार ठेवली होती. पलीकडे तिने एकदा श्वास घेतला, काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखा.

“अप्पा, एक विचारायचं होतं...”

“विचार.”

“म्हणजे तसं काही खास नाही. बाबा म्हणत होते की तुमचा फोन...”

बाबा! म्हणजे इथेही तेच. स्वतःच्या बापाशी दोन मिनिटं बोलायचं, तर त्यातही बाबा काय म्हणत होते!

“हॅलो? आवाज तुटतोय तुझा,” मिस्त्री म्हणाले. “हॅलो? रेंज नाहीय इथे. ठेवतो.”

त्यांनी फोन ठेवला. पडद्यावर रेंजच्या पाचही दांड्या उभ्या होत्या. स्वस्तवाल्या कंपनीला लोक उगाच नावं ठेवतात; खड्ड्यात आणि लिफ्टमध्ये ती गप्प होते हे खरं, पण मिस्त्रींच्या खिडकीत तिने त्यांना कधीच दगा दिला नव्हता. दगा तेच तिला देत आले होते. बोलायचं सुचेनासं झालं, घसा भरून आला, राग आला, की रेंज जायची. कंपनी बिचारी मुकाट्याने बदनामी सोसत होती.

दिवसभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. चहा करताना नळ सोडला आणि बंद केला. आपला नळ गळत नाही, याचाही त्यांना राग आला. मला ‘बरी आहे’ आणि त्यांना पाऊण तास! मला वेष्टन आणि त्यांना आतला खाऊ. संध्याकाळपर्यंत त्यांची खात्री पटली की सगळा दोष सिमचाच आहे. आपल्याकडे मोठ्या कंपनीचा नंबर असता, तर पोरीने आधी आपल्यालाच फोन केला असता. ही समजूत इतकी सोयीची होती की तिच्यात खोट काढावीशी त्यांना वाटेना, आणि एरवी ते कशातही खोट काढणारे.

सोमवारी दुपारी सुट्टी टाकून ते मोठ्या कंपनीच्या दुकानात गेले. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर हसरी कुटुंबं. प्रत्येक चित्रात चार माणसं होती आणि चौघांच्या हातात फोन. मिस्त्रींनी टोकन घेतलं आणि त्या कुटुंबांकडे पाठ करून बसले.

“बोला काका,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“नंबर हाच ठेवायचा, कंपनी बदलायची.”

“हो, होईल. आत्ताच्या कंपनीचा काय त्रास आहे? रेंज?”

“हो. रेंज.”

तिने त्यांचा फोन हातात घेतला. “इथे तर पूर्ण दिसतेय. घरी येत नाही का?”

“घरी... येते तशी.”

“मग बोलता बोलता फोन कट होतो?”

“होतो.”

“आपोआप?”

यंत्राबद्दल खोटं सांगायची मिस्त्रींना सवय नव्हती. एखादी लिफ्ट चांगली असेल तर ते चांगली म्हणत, मग मालकाला ती बदलायची कितीही हौस असो.

“काम लिफ्टचं आहे माझं,” ते शेवटी म्हणाले. “लिफ्टमध्ये लागत नाही.” हे मात्र खरं होतं, म्हणून त्यांचा आवाज जरा वर आला.

“तसं काका, तेवढ्यासाठी एवढा खर्च कशाला? दिवसभर जे वापरता ते बरंच आहे की.” मुलगी प्रामाणिक होती, त्या दुकानात ती फार दिवस टिकणार नाही असं मिस्त्रींना वाटून गेलं. “नाहीतर घरात कोणाचं आमचं फॅमिली कनेक्शन आहे का? त्यांच्या बिलात चौथा नंबर म्हणून तुम्हाला—”

“नको,” मिस्त्री एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या काउंटरवरचा माणूस वळला. “कोणाच्या बिलात नको. स्वतंत्र. माझ्या नावावर.”

मुलीने अर्ज पुढे केला. शेवटच्या ओळीत जवळच्या एका व्यक्तीचा नंबर लिहायचा होता. मिस्त्रींनी पेन टेकवलं आणि थांबले. त्यांना अठ्ठावीस लिफ्टचे क्रमांक पाठ होते. हा नंबर त्यांना फोनमध्ये बघून लिहावा लागला.

चार दिवसांनी नवं सिम सुरू झालं. मिस्त्री मुद्दाम एका इमारतीच्या खड्ड्यात उतरून बघून आले. पाच दांड्या! लिफ्टमध्ये दार लावून पाहिलं. पाच! मशीन रूममध्ये, तळघरात, जिन्याखाली, जिथे पूर्वी फोन म्हणजे नुसता दगड व्हायचा, तिथे सगळीकडे पाच दांड्या ताठ उभ्या. मिस्त्रींना मनापासून आनंद झाला.

रविवारी ते दहालाच खिडकीत बसले. अकरा वाजले. साडेअकरा झाले. बारा. मागचा फोन होऊन आठवडाच झाला होता, आणि ती दर आठवड्याला करत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी ते बसले. दीड वाजता त्यांनी सचिवांना स्वतःहून फोन लावून सांगितलं, “जरा मला उलटा फोन करा. चाचणी आहे.” सचिवांनी केला. खणखणीत वाजला.

म्हणजे फोन चांगला होता. पूर्वी फोन आला नाही की म्हणता यायचं, ती लावत असेल, लागत नसेल. तेवढ्यावर कितीतरी रविवार निभावले होते. आता दांड्या पाचही उभ्या आणि फोन गप्प. इतके पैसे टाकून त्यांनी नेमकी तेवढी एक सोय घालवली होती. तिला बोलावंसं वाटत नाही, बस्स. तिला बोलावंसं वाटतं ते तिथे, पाचव्या मजल्यावर.

सोमवारी त्याच इमारतीतून तक्रार आली, पाचव्या मजल्यावर दार अडखळतंय. अडखळणारच, चार वर्षं त्या दारात बूट अडकतोय. मिस्त्रींनी दाराखालची खाच साफ केली, सरकपट्टी बदलली, आणि उठतात तो समोर व्याही. आज मिस्त्रींनीच आधी तोंड उघडलं.

“घेतलं बरं का मोठ्या कंपनीचं. स्वतंत्र. माझ्या नावावर.”

व्याह्यांचा चेहरा पडला. मिस्त्रींना तो पडलेला बघून क्षणभर गार वाटलं.

“अहो, आधी विचारायचंत तरी,” व्याही म्हणाले. “आता त्या चौथ्या नंबरचं काय करायचं, ते तिला विचारायला लागेल.”

“तिला कशाला? बिल तुमचं आहे ना?”

“नाव माझं आहे. भरते सूनबाई. आमचं तिघांचंच घ्यायचं होतं, तिघांचं स्वस्त पडत होतं. पण तिनं हट्टानं चौघांचं घेतलं, लग्न झालं त्याच वर्षी. तुमच्या... विहीणबाई गेल्या, त्यानंतर महिन्याभरात. मी दोनदा म्हटलं तिला, कोणी वापरत नाही, सोडून दे. तर म्हणते, राहू द्या बाबा, अप्पा येतील कधीतरी.”

मिस्त्रींच्या हातात जुनी सरकपट्टी होती. ती त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मला कधी बोलली नाही.”

“बोलणार होती की. त्या रविवारी मुद्दाम तेवढ्यासाठी तिनं फोन केला होता. आधीही एकदोनदा विषय काढला म्हणे.” व्याह्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, टोमणा मारणं त्यांना येतच नव्हतं. “पण तुमची रेंज जाते ना. मग मला विचारत बसते, अप्पांना पाहिलंत का, वाळलेत का, खोकला आहे का. त्यातच अर्धा वेळ जातो आमचा. म्हणून तर तुमची गाठ पडली की मी तुम्हाला नीट बघून घेतो.”

पान्यांची पिशवी उचलून मिस्त्री लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे त्यांनी किल्ली फिरवली. लिफ्ट एक हिसका देऊन थांबली.

त्यांनी ‘मुलगी नवा नंबर’ शोधला. लावला. दोनच घंटा वाजल्या.

“अप्पा? काय झालं? बरे आहात ना? पडलात का कुठे?”

चार वर्षांत तिला स्वतःहून केलेला हा त्यांचा पहिला फोन होता. तिचं घाबरणं ऐकून ते त्यांना उमगलं.

“काही नाही झालं. सहज.”

“सहज?”

“तो नळ... तुझा नळ गळतो म्हणे.”

“तो होय! तो कधीच ठीक झाला, अप्पा. खालच्या मजल्यावरच्या काकांनी वॉशर बदलून दिला.”

“कुठला टाकला?”

“ते नाही माहीत.”

“आता एक थेंबही नाही?”

“एकही नाही.”

मिस्त्रींची तिन्ही मापं संपली. आता ती ओळखीची जागा आली होती. पलीकडे ती थांबली, इकडे ते थांबले. गेली कित्येक वर्षं अशा वेळी जे वाक्य आपोआप जिभेवर यायचं, ते आलं. समोर पाच दांड्या होत्या.

“अप्पा?” ती म्हणाली. “हॅलो? गेली वाटतं रेंज. बरं, ठेवते हं.”

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. नुसती सवय होती. त्याचंच त्यांना फार लागलं.

“ठेवू नकोस,” मिस्त्री म्हणाले. “रेंज आहे.”

“काय?”

“रेंज आहे. गेलेली नाही. मीच बोलत नव्हतो. मागेसुद्धा, तेव्हाही होती.”

तिकडे कुठेतरी एक भांडं कोणीतरी हळूच खाली ठेवलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली होती.

“आवाज येतोय का माझा?” त्यांनी विचारलं.

“येतोय, अप्पा. बोला.”

“मला नाही येत बोलायला. तू बोल. आईशी बोलायचीस तसं. मी ऐकतो.”

पलीकडून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं; पुरतं हसू नव्हतं ते. मग ती सांगू लागली. खालच्या मजल्यावरचे ते काका कसे आहेत, त्यांची बायको कशी सारखी जिन्यात उभी असते. मिस्त्री लिफ्टच्या भिंतीला टेकले, आणि हळूहळू खाली सरकत पिशवीशेजारी फरशीवर बसले. डोक्यावर दुसऱ्या मजल्यावरून बोलावल्याचा दिवा लागला, मग तळमजल्यावरून. खाली माणसं वाट बघत होती.

थोड्या वेळाने दारावर थापा पडल्या. तळमजल्यावरून सचिवांचा आवाज वर आला.

“अहो मिस्त्री! लिफ्ट का थांबलीय? आत कोणी अडकलंय का?”

मिस्त्रींनी फोनवर हात ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “जिन्याने जा.”